गाढवावरचे पाहुणे

धुळवडीला कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून येणारा माणूस मी एकच पाहिला. आमचं गाव जळगाव जामोदच्या बाजूला. त्या दिवशी गावच्या एका जावयाला जोड्यांचा हार घालून गाढवावर बसवायचं, वाजतगाजत फिरवायचं आणि शेवटी मारुतीपुढे नवे कपडे द्यायचे, ही आमची रीत. बाकीचे जावई आठ दिवस आधीच पसार होत. आमचे ‘पाहुणे’ मात्र संग्रामपूरहून सकाळच्या एसटीने स्वतःहून हजर.

संग्रामपुरात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एरवी मितभाषी, पण गाढवावर बसले की एकदम ताठ. कुणी हसलं तर म्हणत, “जोड्याईचा हार सगळ्याईच्या गळ्यात पडते काय बे? त्याले गावचा जावई असा लागते.” आम्ही धिंड म्हणायचो, ते वरात म्हणत. सासरच्या घरासमोर आले की मान वर करत. धाब्याच्या गच्चीवर सणाला माहेरी आलेली त्यांची बायको, सरूबाई, पदर तोंडाशी धरून हसत उभी असायची. तेवढ्यासाठीच हा माणूस येतो, हे आम्हा टारगटांना कळत होतं. आम्ही त्याचीही टिंगल करायचो.

सरूबाई गेली. मूलबाळ नव्हतं, माहेरीही कुणी उरलं नव्हतं. तरी पुढच्या धुळवडीला पाहुणे आले. सदरा तोच.

तोवर आमची धुळवड मोबाइलवर गाजली होती. शूटिंग करायला पार पुण्याहून लोक आले होते. पोरांचा म्होरक्या मी. व्हिडिओत शोभेल असा एक तरणा जावई आम्ही पकडून ठेवला होता. इकडे पाहुणे हार घालून गाढवावर बसलेसुद्धा.

“उतरा पाहुणे,” मी ओरडलो. “सरूबाई गेली. आता तुमी कायचे जावई?”

शहरातली मंडळी खदाखदा हसली. त्यांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला.

“हाव ना,” पाहुणे म्हणाले. “माह्या ध्यानातच नाही राह्यलं.”

ते उतरले. हार काढून नव्या जावयाच्या गळ्यात घातला, नीट सरळ केला आणि स्टँडकडे चालू लागले. त्यांना कुणीच थांबवलं नाही. मी तर नाहीच. मला व्हिडिओची घाई होती.

वर्षभर ते मनाला खात राहिलं. होळीच्या आधी लाज गिळून त्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, “चुकलं माह्यं. यंदा तुमीच बसा. गाव वाट पाहून राह्यलं तुमची.”

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, चहा मागवला, कप माझ्या हातात दिला. मग नव्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं शांतपणे विचारलं,

“गाव कोनतं म्हनलं तुमी?”