विमलताईंचा हात आणि परसातली टमाटरं

विमलताईंच्या हाताला गुण आहे, हे बाभुळगावच्या त्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा. मिरची असो की वांगं, पहिलं रोप त्यांच्या हातून लावून घ्यायचं, असा बायांचा नेमच होता. विमलताई वरवर नको नको म्हणायच्या अन् पदर खोचून निघायच्या. खोटं कायले बोला, त्यांना त्याचा चांगलाच ताठा होता.

यंदा मात्र त्यांच्याच परसातल्या टमाटरांनी त्यांचं नाक कापायचं ठरवलं होतं. लावून महिना होत आला तरी रोपं बोटभराची ती बोटभरच. वाढ नाही, फुटवा नाही. बरं, मरतही नव्हती मेली! मेली असती तर निदान उपटून फेकता आली असती. त्यातून शेजारच्या सुखीबाईंनी याच वाफ्यातली उरलेली रोपं नेली होती आणि ती आता कुंपणावरून इकडं डोकावत होती, चांगली पिवळ्या फुलांनी. सकाळी दार उघडलं की पहिलं तेच दिसायचं आणि विमलताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तसं परसात बसायची त्यांना कधी सवयच नव्हती. उभा जन्म कपाशीच्या पऱ्हाटीत गेला. सकाळी भाकर बांधून वावरात, दिवेलागणीला घरी. पण यंदा गुडघ्यानं दगा दिला. यवतमाळच्या डॉक्टरांनी वावर बंद म्हणून सांगितलं आणि मुलगा अंकुर तर वावराकडं निघताना त्यांना गाडीवर बसूच देईना. मग काय, पाट टाकायचा अन् टमाटरांपुढं बसायचं.

नुसतं बसणं त्यांच्यानं कुठलं होतंय? सकाळी पाणी. उन्हानं पानं मलूल झाली की पुन्हा पाणी. खुरप्यानं बुडाची माती हलवायची. राख टाकून झाली, ताक ओतून झालं, कुणी सांगितलं म्हणून खताची चिमूटही झाली. तरी हलेनात, तेव्हा एकेक रोप हळूच उपसून मुळं पाहिली आणि परत दाबली. कडेची मधे नेली, मधली कडेला. मग दोष द्यायला सुरुवात केली. बी खोटं निघालं, माती निकस आहे, सून अर्पिता साबणाचं पाणी इकडं सोडते. शेवटी सुखीबाईंची नजर लागली, यावर त्यांचा विश्वास बसला आणि त्यांनी कुंपणापलीकडं बोलणंच टाकलं.

आणि नेमक्या त्याच सुखीबाई एका सकाळी वांग्याची रोपं घेऊन परसाच्या दारात उभ्या. पहिलं रोप तुमच्या हातानं लावून द्या म्हणाल्या.

"माझ्या हाताची थट्टा करून राह्यल्या काय?" विमलताई भडकल्याच.

सुखीबाई बिचाऱ्या गोंधळल्या. थट्टा कशाची, आमच्या टमाटराचंही पहिलं रोप तुम्हीच तर लावलं होतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. ते खरंच होतं. म्हणूनच विमलताईंना ते जास्त झोंबलं. तो राग त्यांनी समोरच्या रोपावर काढला आणि ते खसकन उपटलं. मुळाशी दोनचार तुटके धागे, बाकी काही नाही.

अर्पिता धुणं टाकून आली. इतके दिवस ती सासूला घाबरून गप्प होती. ते रोप तिनं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आई, हात तोच आहे. सुखीबाईकडं तुम्ही लावून निघून आल्या. वावरातही धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, टमाटर लावून तुम्ही दिवसभर पऱ्हाटीतलं तण निंदत राहायच्या, वळून कोण पाहत होतं? इथं तुम्ही त्याहिले मातीत बसूच देत नाही. आता काही दिवस बिलकूल हात लावू नका."

विमलताईंनी सुनेकडं पाहिलं, मग स्वतःच्या मातीनं भरलेल्या हातांकडं. ओरडतील असं दोघींना वाटलं होतं. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"याहिलेही हात नाही लावायचा," त्या म्हणाल्या, "तं दिवसभर मी करू काय, अर्पिता?"

सुखीबाई वांग्याची रोपं बाजूला ठेवून तिथंच, विमलताईंच्या पाटाजवळ, खाली बसल्या.