काचघरातली नागवेल

आमचे हे लिलावात गेले होते खुर्ची घ्यायला, आणि घरी आले ते बैलगाडीभर काचा घेऊन. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांतात मोडायचं. साहेब लोक बदलून आले की बंगला भरायचे आणि बदलून गेले की त्यांचं सामान अमरावतीच्या कॅम्पात लिलावाला निघायचं. अशाच एका साहेबाच्या मडमेनं बंगल्यामागे काचेची खोली बांधून घेतली होती. तिच्यात ती नेचे आणि विलायती फुलझाडं वाढवायची. हे कचेरीत कारकून. कागद घेऊन बंगल्यावर गेले की त्या खोलीपुढे तोंड उघडं टाकून उभे राहायचे. मडम विलायतेला गेली, खोली मोडली आणि तिच्या चौकटी आमच्या परसात येऊन पडल्या. खुर्चीचं नाव मग घरात कोणी काढलं नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या दारात उभ्या राहून गाडीकडे बघत राहिल्या. थंडीच्या मुलखात झाडांना ऊब द्यायला काचा लागत असतील, पण आपलं अख्खं वऱ्हाड देवानं भट्टीत ठेवलेलं, त्यावर आणखी झाकण कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. बोलणं पहिल्यापासून फटकळ. एकदा यांचे पुण्याकडचे स्नेही उतरले होते, त्यांना वाटलं घरात भांडण जुंपलंय. आत्याबाई फक्त त्यांना आणखी भाकर वाढू का म्हणून विचारत होत्या.

ह्यांनी मात्र मनावर घेतलं. बाजारात तसबिरींना काचा बसवणारे एक मुसलमान मिस्त्री होते, त्यांना बोलावलं. मिस्त्रींनी गाडीच्या धक्क्यानं फुटलेल्या काचा बदलल्या, काचांच्या फटींत लांबी भरली, चौकटी उभ्या केल्या आणि विहिरीच्या अंगाला आमचं काचघर उभं राहिलं. दोघीजणी आत शिरल्या तर एकमेकींच्या पदरावर पाय पडावा, एवढंच. गल्लीतली पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे येऊन बघून गेले. आणि हे? पहिल्या आठवड्यात उत्साहानं चार रोपं लावली, त्यातली तीन पाणी जास्त होऊन कुजली आणि कचेरीत काम वाढलं. हौस अशी यांची, आणि निस्तरायचं आम्ही.

खरं सांगते, मी ते निस्तरायला घेतलं ते दुपार जावी म्हणून. माझ्या लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात माणसं तीन. स्वयंपाक, धुणंभांडी उरकलं की दुपार नुसती अंगावर यायची. माझं माहेर धामणगावचं, वडिलांचं रेल्वेजवळ धान्याचं दुकान. झाड म्हणून आमच्या घरी एक तुळस, आणि तिलाही पाणी आई घालायची. तेव्हा मला येत काहीच नव्हतं. मी घासलेटचे रिकामे डबे आडवे कापून घेतले, बुडाला भोकं पाडली, खापऱ्या घातल्या, वर माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत. एवढ्यानं सुरुवात झाली. खोकी उलटी घालून त्यांच्या फळ्या केल्या. सकाळचं ऊन कुठे येतं, संध्याकाळी ओल कुठे राहते, हे बघत बसायची मला गोडी लागली.

हिवाळाभर त्या काचघरानं आमचे लाड केले. बाहेर पहाटे दात वाजायचे, आणि आत काचांवर घाम आलेला असायचा. गावात भेदरं, म्हणजे तुमचे टोमॅटो, अजून फुलावर होती तेव्हा आमच्याकडे ती लाल झाली. मोर्शीहून आलेल्या संत्र्यांच्या बिया मी सहज एका डब्यात टोचल्या, त्याही उगवल्या. हे संध्याकाळी मित्रांना घेऊन यायचे आणि हातानं दाखवायचे, जसं काही ह्यांनीच राबून केलंय. मी पदरात हसायची. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातानं वाढत होतं. त्याचा आनंद मला अजून पुरतो.

मग आली नागवेल. आत्याबाईंना पानाचं व्यसन. पान नसलं की त्यांचा राग भिंतीवर निघायचा. ह्यांना कचेरीच्या कामानं अंजनगावला जावं लागलं. तिथे पानमळे. तिथल्या एका बाऱ्याकडून, म्हणजे पानमळेवाल्याकडून, त्यांनी नागवेलीच्या कांड्या आणल्या आणि कांड्यांबरोबर नियमही आणले. पानमळ्यात वहाणा घालून जायचं नाही, आणि विटाळशी बाईची सावली वेलीवर पडू द्यायची नाही. पडली तर वेल जळते. बाईला तेव्हा महिन्याचे चार दिवस बाहेर बसावं लागायचं. आमच्याकडे गोठ्यालगतची पडवी त्यासाठीच होती. ते चार दिवस मी काचघराकडे फिरकायची नाही, आत्याबाई पाणी घालायच्या. बाकीचे दिवस वेल माझी.

शेवरीच्या काठ्यांवर ती काय चढली म्हणता! माघात पहिलं पान खुडलं. आत्याबाईंनी ते देवापुढे ठेवलं आणि मग चुना लावून तोंडात घातलं. बरं आहे की वाईट, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र गल्लीतल्या चारजणींना बोलावून एकेक पान दिलं.

शिमगा झाला आणि ऊन बदललं. एका संध्याकाळी मी वेलीला पाणी घातलं. सकाळी मला कावळा शिवला, म्हणून पडवीत जाऊन बसले. आणि त्याच दुपारी वेल जळली. पानांच्या कडा काळ्या, शेंडे खाली लोंबलेले. भेदरं तोवर संपलेली होती, संत्र्याची रोपं बाहेर काढून ठेवलेली होती. जळायला आत तेवढी वेलच होती. आदल्या संध्याकाळी पाणी घालणारी मी, आणि सकाळी बाहेर बसलेलीही मी. आता ह्याचा अर्थ काय लावायचा, हे कोणाला शिकवायला नको होतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी तो अर्थ लावला. काकू वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नाही ते नाही. डाळ खाता खाता म्हणाल्या, "जिच्या हाती वेल टिकत नाई, तिची कूस काय पिकन?"

पन्हं वाढता वाढता माझा हात थांबला. मी काही गरीब गाय नव्हते, ओठावर शब्द आला होता. पण मी बघितलं ते आत्याबाईंकडे. त्या बोलल्या नाहीत. गावाला तोडून बोलणारी ती बाई, त्या दिवशी मुकाट्यानं ओट्या भरत राहिली. काकूंच्या बोलण्यापेक्षा मला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून काचघराला कुलूप लागलं. मी आत जायचं नाही, बारा महिने तेरा काळ नाही, असं मला सांगण्यात आलं. ह्यांनी आईपुढे तोंड उघडलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि मनातल्या मनात त्या काचांवर दगड घातले. माझ्या दुपारी गेल्या होत्या, आणि वर नाव असं पडलं होतं की जिथे जाईन तिथे माझ्या आधी पोचावं.

वैशाखात भावाचं लग्न निघालं आणि मी धामणगावला गेले. तिथेही आईनं काळजीनं विचारलं, वेलीचं काय झालं गं? बातमी आगगाडीच्या आधी पोचली होती.

परत आले तर परसात काचघर ओळखू येईना. सगळ्या काचा शेणकाल्यानं सारवलेल्या. पश्चिमेच्या काचा काढून तिथे वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मी सामान खाली ठेवायला विसरले. आत्याबाई ताटीवर लोटीनं पाणी मारत होत्या.

झालं ते असं. मी गेल्यावर त्यांनी अंजनगावहून नव्या कांड्या मागवल्या होत्या. ह्या वेळी सगळं सोवळ्यानं. पहाटे आंघोळ करून ओल्या लुगड्यानं आत जायच्या, कोणाची सावली पडू दिली नाही. नव्या कांड्या दोन दिवसांत काळ्या पडल्या. जुन्या वेलीच्या बुडातून एक फुटवा तेवढा धरला होता, आतल्या पाण्याच्या रांजणाच्या आडोशाला. तेव्हा एका दुपारी आत्याबाई आत जाऊन दार लावून बसल्या.

"म्या आत बसून पायलं," त्या मला म्हणाल्या. "मलेच भोवळ आली. मंग त्या वेलीचं काय झालं असन?"

एवढंच. माझं चुकलं नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही नाही. पण लोटी माझ्या हातात दिली. कुलूप काढून कोनाड्यात ठेवलं. मी फुटव्याशी जाऊन बसले. शेणाचा आणि ओल्या वाळ्याचा वास, आणि एक कोवळं पान. माझा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. घरात म्हणणं वेगळं, चारचौघीत म्हणणं वेगळं. गल्लीत माझं नाव होतं तसंच होतं.

ज्येष्ठ लागायच्या आत वाळवणं उरकायची म्हणून आमच्या अंगणात बायका जमल्या. पापड, कुरडया, शेवया. एका घरचं झालं की दुसऱ्या घरी जायचं, अशी रीत. आणि नेमकी मी पडवीत बसलेली. सगळ्यांचे हात चालू, गाणी, चेष्टा, आणि मी गोठ्याकडे तोंड करून. त्या दिवशी उन्हाचा नुसता कहर होता. वाळ्याची ताटी कोरडी पडत आली होती. आत्याबाईंचे हात कोपरापर्यंत पिठात. त्यांनी मान वर करून काचघराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ऊठ वो," त्या म्हणाल्या. "तू रिकामीच हायेस. वेलीले पानी घाल."

अंगणातली लाटणी थांबली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. काकू उठून उभ्या राहिल्या, अहो ती बाहेरची आहे, वेल जाईल म्हणाल्या.

आत्याबाईंनी पीठ झाडलंसुद्धा नाही. "विटाळानं वेल जळते म्हन्ता, त मंग माही काहून जळली? म्या त ओल्या लुगड्यानं जात होती. माही सून नसताना जळली. काचेनं जळली. आमच्या काचा, आमची अक्कल. पोरीच्या कुशीचं नाव आजपासून कोनी घ्याचं नाई."

मी लोटी घेतली. अंगणभर बायकांच्या नजरा पाठीवर होत्या. आत जाऊन पाणी घातलं, ताटी भिजवली आणि पुन्हा पडवीत येऊन बसले. बाहेर हळूहळू लाटणी चालू झाली. मला पुढे मूल झालं की नाही, हे मी इथे मुद्दामच सांगत नाही. गल्लीनं त्याची पुष्कळ चौकशी केली, तेवढी पुरे.

रात्र मी कशी काढली, माझं मला माहीत. तोंडानं काहीही म्हणा, लहानपणापासून ऐकलेलं आतून जात नाही. खरंच जळली तर? आत्याबाई चारचौघीत माझ्यासाठी बोलून बसल्या होत्या. फटफटायच्या आधी मी उठले आणि पाय न वाजवता काचघराकडे गेले. दाराशी कोणीतरी उभं होतं. आत्याबाई.

"तू काहून उठली?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तुम्ही काहून उठल्या?" मी म्हणाले.

त्यांनी दार ढकललं. फुटवा ताठ होता. पहिल्या पानाच्या वर दुसरं पान उलगडत होतं, ओलं, हिरवंगार. आत्याबाईंनी दोन्ही हात चौकटीला टेकले आणि केवढा तरी श्वास सोडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काल अंगणात बोलताना त्यांची स्वतःची खात्री पटलेली नव्हती.

मी विचारलं, "तुमाले बी धाक होता, त मले आत काहून पाठवलं?"

त्या जायला वळल्या होत्या. थांबल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"वेल जळली असती त दुसरी लावली असती," त्या म्हणाल्या. "तुले कोठून आनू?"

आणि त्या बादली घेऊन विहिरीकडे गेल्या. मी तिथेच वेलीपाशी खाली बसले आणि पोटभर रडले.