एका उंड्याची भाजणावळ

सांगलीला परत येऊन वर्ष होत आलं, तरी कणीक मळायला घेतली की माझा हात तेलाच्या भांड्यापाशी थबकतो. सूनबाई हसते. तिला काय सांगू? ते सांगायचं तर चंदीगडच्या पार टोकाला, नव्या बांधलेल्या इमारतींच्या मागच्या मोकळ्या कोपऱ्यात जावं लागेल.

आमचे हे तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होते. मराठी बायकांची आमची एक भिशी होती. कुणी डॉक्टरांच्या घरातल्या, कुणी विद्यापीठातल्या, कुणी फौजेतल्या. दर महिन्याला जमायचं, साबुदाणावडे हाणायचे आणि आपापल्या गावाची बढाई मारायची. अशातच एक जुनी वस्ती तोडली गेली. आमच्यातल्या बऱ्याच जणींकडे कामाला येणाऱ्या बायका तिथल्याच. त्यांना शहराच्या टोकाला नव्या इमारतींत खोल्या मिळाल्या, कामं मात्र इथंच राहिली. कोण रोज बस बदलत बदलत भांडी घासायला येणार?

मग आम्ही ठरवलं की त्या फेरीची भिशी या बायकांना द्यायची. अन् दिलं काय, तर शिलाई मशिनी. अडलेली बाई दिसली की आमच्यासारख्यांना शिलाई मशीनच का सुचते, देव जाणे. काही दिवसांनी मी एकीच्या घरी गेले, तर मशीनवर भरतकामाचं झाकण आणि झाकणावर टीव्ही. माझं डोकंच फिरलं. मी फडाफडा बोलले. ती शांतपणे म्हणाली, “मॅडमजी, मशीन तो आप लोग लाए. मुझे तो तंदूर की जगह चाहिए थी.”

वस्तीत ती तंदूर चालवायची. शेजारणी आपापली कणीक घेऊन यायच्या, ती रोट्या भाजून द्यायची. पैसे नाहीत, प्रत्येकीच्या परातीतून कणकेचा एक उंडा काढून घ्यायचा. आपल्याकडे दळणाची दळणावळ, तशी ही भाजणावळ. सगळ्या घरांचे उंडे एकत्र मळून तिच्या घरच्या रोट्या व्हायच्या, उरलेल्या ती मजुरांना विकायची. त्यावरच घर चालायचं. नवरा कामाला म्हणून परमुलखात गेला तो गेलाच. नव्या ठिकाणी तंदूर नाही म्हटल्यावर भावानं निरोप धाडला होता की गावी निघून ये. मुलगी दहावीत होती. गावी गेली की तिची शाळा संपली, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मग आमची भिशी कामाला लागली. आमच्यातली एक कर्नलची बायको. दर दोन-तीन वर्षांनी घर पेट्यांत भरून नव्या गावी जायचं, ही तिची जन्मभराची सवय. कुठल्या गावात कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, हे तिला न विचारता कळायचं. ती म्हणाली, “मी आणि ती, दोघीही उठवलेल्या. फरक इतकाच की मला ट्रक मिळतो.” विद्यापीठवालीनं तंदूरच्या जागेसाठी झकास हिंदीत अर्ज लिहिला. भट्टीचा खर्च भिशीतून निघाला. परवानगी देणाऱ्या कचेरीतले साहेब म्हणाले, “धुराची तक्रार येईल. लोकांना हवाय का, ते मी येऊन बघतो. मगच परवानगी.”

साहेब यायच्या दिवशी आम्ही सगळ्या नटूनथटून, पराती घेऊन हजर. गर्दी दिसायला हवी ना! इमारतींतल्या बायका मात्र वरून नुसत्या बघत होत्या. वेगवेगळ्या वस्त्यांतून आणून ठेवलेल्या, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. साहेब घड्याळ बघत उभे. तंदूरवालीनं माझ्या कणकेची पहिली रोटी थापली, तंदूरच्या भिंतीला चिकटवली आणि ती घसरून निखाऱ्यात पडली. दुसरी पडली. कर्नलच्या बायकोची पडली. तंदूरवालीचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात विद्यापीठवाली ओरडली, “अगं, तेल! आपण सगळ्यांनी मोहन घातलंय!”

आणि काय! चपाती मऊ व्हावी म्हणून हात सवयीनं तेलाकडे गेलेले. तेलकट रोटी भिंतीला धरणार कशी? तंदूरवालीनं बोटं हुंगली. “हाय रब्बा, तेल पा दित्ता!” म्हणत ती अशी हसत सुटली की खाली बसली. आम्हीही हसलो. वरच्या बायकांना राहवेना. एक जण खाली आली, तिनं आमची कणीक बघून कपाळावर हात मारला, आणि पोराला हाक मारून स्वतःची परात मागवली. मग दुसरी आली. बघता बघता रांग लागली. कोण कुठल्या वस्तीतली, याच्या चौकशा सुरू झाल्या. साहेबांनी एक रोटी उभ्या उभ्या खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. मला तर रडूच फुटलं. परवानगी आली, तंदूर राहिला, मुलीची दहावी तिथंच झाली. पुढं बारावीही झाली.

त्यानंतर मी अधूनमधून कणीक घेऊन जायची, बिनतेलाची. सगळ्यांच्या परातीतून ती उंडा काढायची, माझ्या मात्र नाही. “आपसे कैसे लूँ, मॅडमजी?” तिला तो मान वाटायचा. मला तो लागायचा. इतकी वर्षं त्या शहरात राहिले, भाजीवाल्यापासून सगळ्यांची मी मॅडमजीच.

हे निवृत्त झाले. सामान बांधून झालं, तशी मी शेवटची परात घेऊन गेले. आता कायमचं सांगलीला, असं तिला सांगितलं. तिनं रोट्या भाजल्या, फडक्यात बांधल्या. माझ्या परातीत थोडी कणीक उरली होती. तिनं त्यातून चांगला मोठा उंडा तोडला आणि शेजारणींच्या उंड्यांत टाकला.

“पक्का जा रहे हो, दीदी?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं सगळे उंडे एकत्र मळायला घेतले. त्या रात्री तिच्या घरच्या रोट्यांत माझीही कणीक होती.