पांढऱ्या पट्ट्यांचा पक्षी

पक्ष्यांना खाऊ घालणं हा गुन्हा आहे, असं आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत मला रोज ऐकावं लागतं. मागच्या अंगणातल्या पेरूला मी एक पसरट थाळी टांगली आहे. पोळीचा चुरा, भात, बाजरी, जे असेल ते तिच्यात घालते. सगळ्यात मोठी तक्रार शेजारच्या काकांची. त्यांची स्कूटर, त्यांचं धुणं, त्यांची तुळस, सगळ्यावर म्हणे माझेच पक्षी शिटतात. जसं काही मी त्यांना पत्ता देऊन पाठवते! मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे अख्ख्या कॉलनीची मी बाई. "बाई, हे आता बंद करा," हे काकांचं सकाळचं पहिलं वाक्य असतं.

उन्हाळ्यात थाळीवर एक नवाच काळा पक्षी यायला लागला. पंखांवर पांढरे पट्टे, डोकं टकलं, चोच फिकट. कावळा म्हणावा तर अंगाने किरकोळ, मैना म्हणावी तर धिप्पाड. तोंडातून आवाज म्हणून नाही. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एक म्हणाला दयाळ, दुसरा म्हणाला कस्तूर, तिसऱ्याने नुसताच अंगठा दाखवला. एका विद्वानाने तर "आधी फोटो काढायला शिका" असं कळवलं. पिसं पांढरी पडलेला कावळा असावा, असा माझा अंदाज होता. पण अंदाज म्हणजे ओळख नव्हे. मी रोज नवा फोटो टाकायची आणि रोज नव्याने डोकं फिरवून घ्यायची.

काकू जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. त्यांच्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवलाच नाही. खूप वाट पाहिली आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. आमच्या बौद्ध घरात हे काही नसतं, पण शेजारधर्म म्हणून मी गेले होते. काकांचा चेहरा बघवत नव्हता. काकूंना वणीला देवीला जायचं होतं. "गुडघे बरे होऊ देत, मग बघू," म्हणत काकांनी ते लांबवलं आणि राहूनच गेलं. म्हणूनच कावळा शिवला नाही, ती रागावून गेली, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पितृपक्षात अविधवा नवमीला काका पान वाढून माझ्या फाटकात उभे राहिले. त्या दिवसांत घरोघर गच्च्यांवर पानं मांडलेली, कावळ्यांची चंगळ. काकांच्या गच्चीकडे एकही फिरकला नव्हता.

"बाई, तुमच्या भिंतीवर ठेवू का?"

का, आता कशी आठवण झाली, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. पान ठेवलं. वरणभात, खीर, वडे, काकूंच्या आवडीचं अळू. कावळे आले आणि थेट माझ्या थाळीत! पानाकडे ढुंकूनही बघेनात. मग जिच्यासाठी मी सगळ्या कॉलनीशी भांडले होते, ती थाळी मीच सोडवून घरात नेऊन ठेवली. तर ते उडूनच गेले.

काकांनी पानासमोर हात जोडले. "जाऊन येतो गं वणीला. तुझ्या नावाने देवीची ओटी भरतो."

तरी काही नाही. ऊन तापलं. आत्मा, पिंड, श्राद्ध, यातल्या एकावरही माझा विश्वास नाही, आणि मी दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, मेल्यांनो, या की आता!

आला, तो टकला पट्टेवाला. भिंतीवर उतरला, मान वाकडी केली आणि एक वडा उचलला.

काका माझ्याकडे वळले. "बाई, हा कावळाच ना?"

मला भयंकर चीड आली. त्या पक्ष्याची, ग्रुपवरच्या विद्वानांची आणि काकांचीही. इतक्या जणांना जे सांगता आलं नाही, ते मी उभ्या उभ्या कसं सांगू?

"तुम्ही सायन्सच्या," काका म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते मी धरून चालेन."

"कावळाच आहे, काका."

"नक्की?"

"नक्की."

ते तिथेच पायरीवर बसले आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून रडले. मी पाणी आणून दिलं.

दुपारी मोबाइल उघडला. कोणीतरी नवीन माणसाने लिहिलं होतं, "ताई, मी याच विषयात काम करतो. स्पष्ट फोटो पाठवा, खात्रीने सांगतो." उन्हाळ्यापासून मी याच माणसाची वाट पाहत होते. मी त्याला उत्तर दिलं नाही. एकेक करून सगळे फोटो ग्रुपवरून काढून टाकले.