डागाचं औषध

इचलकरंजीत माणसाला झोप यायला शांतता लागत नाही, आवाज लागतो. भिंतीपलीकडे कापडाचे यंत्रमाग चालू असले, खटक-फटक करत जमीन हलत असली, की पाळण्यातलं पोरही गाढ झोपतं. उलट लाईट जाऊन माग थांबले, की सगळी गल्ली दचकून उठून बसते. पाव्हण्यारावळ्यांना याचा फार त्रास होतो, पण त्यांचं काय, ते दोन दिवसांत आपल्या गावी जातात.

अशाच एका दुपारी शैला पुढच्या खोलीत पांढऱ्या ताग्यांना पाठ टेकून पेंगते आहे. मागावरून उतरलेल्या कापडावर काळ्या तेलाचे डाग पडलेले असतात; औषध लावून ते काढायचं काम ती घरी करते. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये नवरा, सुभाष, मागावर उभा आहे. आणि मुलगा श्रीनाथ, अकरावीतला, घरात सगळ्यांचा नाथा, आत्ताच कॉलेजातून आला. दप्तर टाकलं आणि म्हणाला, "आई, तू पड जरा. डाग मी काढतो."

औषधाची बाटली घेऊन तो मागच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं. आता असलं पोर पोटी आल्यावर कुठल्या आईचा ऊर भरून येणार नाही? गल्लीतल्या बायकांना तर शैला हे दिवसातून एकदा तरी ऐकवतेच. हल्ली औषध लवकर संपतं, एवढंच. पण नाथा म्हणतो, या खेपेचे डागच चिवट आहेत. डोळे लाल असतात, ते मोबाईलमुळे. ओठांच्या कडेची कातडी सोलवटली आहे, ती थंडीमुळे. जुने मित्र येईनासे झाले, बरंच झालं, अभ्यास होतो. काल ताट सरकवून म्हणाला, "आमटीला वासच नाही." शैलानं मुकाट्यानं वरून लसणाची फोडणी दिली, तरी त्याला वास आला नाही. आईचं मन असंच असतं. प्रत्येक डागावर तिच्याकडे काही ना काही उतारा असतोच.

खटक-फटक लांब जातं. पापण्या जड होतात.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

शैला सरकते. शेजारी आक्का टेकतात. आक्का म्हणजे शैलाची थोरली जाऊ, इंदुमती. गेल्याच्या गेल्या दिवाळीत गेल्या. शैलानं स्वतः त्यांना शेवटची आंघोळ घातली होती. पण आता त्या इथं बसल्या आहेत, मांडी घालून, पुढ्यात तेलाची वाटी घेऊन, आणि शैलाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"आक्का, जेवलासा?"

"जेवायचं ऱ्हाऊ दे. वाटी धर. सांडल."

वाटी कोमट आहे. जास्वंद, मेथी आणि कापूर घालून उकळलेलं खोबरेल. हा वास आक्कांचा. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो कधी जमला नाही, शैलानं प्रयत्न करूनही नाही. आणि या वासाबरोबर भिंत बाजूला होते, ताग्यांची रास विरते, आणि दोघी जुन्या घराच्या गच्चीवर बसलेल्या असतात. कोवळं ऊन आहे. रविवार आहे. आक्कांच्या दोन गुडघ्यांमध्ये त्यांचा सतीश बसलाय, सतरा वर्षांचा, मान खाली घालून.

हा रविवार शैलाला पाठ आहे. ती तेव्हा नवी नवरी होती आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. गणपतीच्या मंडळातल्या पोरांबरोबर सतीश प्यायला शिकला होता. एकदा दारातच पडला. थोरल्या दिरांनी मागाचा चामडी पट्टा उचलला, तेव्हा ही पाच फुटांची बाई मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आदी मला." पट्टा न मारताच खाली आला. आणि पुढच्या रविवारी तिनं त्या पोराला गुडघ्यांत बसवून डोक्याला तेल लावलं. गल्ली पोट धरून हसली. दारू पिऊन आलेल्या पोराला चंपी! दुसऱ्या रविवारी परत तेल. तिसऱ्या रविवारी परत. आक्का काही विचारत नव्हत्या, काही सुनावत नव्हत्या. आणि मग एका सकाळी सतीशचे खांदे हलायला लागले, आणि तो जे बोलायला लागला ते ऊन माथ्यावर आलं तरी थांबला नाही.

"तुमाला कसं जमलं ओ आक्का?" शैला विचारते. हे विचारायचं राहून गेलं होतं.

"मी काय केलं? हात ठिवला."

"आणि डॉक्टर?"

"हाताला हात लागतोच की एकादा. एकट्या तेलानं दारू सुटती व्हय? खुळी."

दुसऱ्याच दिवशी त्या सतीशला घेऊन डॉक्टरकडे निघाल्या होत्या, भर सकाळी, भर गल्लीतून. कुणी विचारलं, कुठं निघालासा, तर खणखणीत आवाजात सांगायच्या, "पोराची दारू सोडवाया." नव्या नवरीला तेव्हा धरणी दुभंगावी असं झालं होतं. आज ती त्याच बाईकडे बघते आणि तिला वाटतं, देव पुष्कळ पाहिले, देवळंही पुष्कळ पाहिली, पण मनापासून पाया पडावं असं हेच एक माणूस आपल्याला भेटलं. सतीश आज स्वतःच्या पोरींच्या डोक्याला तेल लावतो. एकदा मध्येच घसरला होता, तेव्हाही आक्का "आता काय उपेग" म्हणाल्या नाहीत. परत वाटी घेऊन बसल्या.

आक्का फणीला हात घालतात. पण ती केसांची फणी नाही, मागाची फणी आहे, आणि गच्ची नाही, शेड आहे. माग चालू आहे. फणीतून धागे येताहेत, काळेभोर, चमकणारे. शैला वाकून बघते. ताण्याचे उभे धागे केसांचे आहेत. तेल लावलेले, मऊ, पोराचे केस. आक्का त्यावरून असा हात फिरवतात की जणू घरोघर असंच कापड विणतात.

एक केस तुटतो.

"आक्का, धागा तुटला."

"मग माग थांबीव."

"चालू हाय की तसा. कापड पडतंय चांगलं."

"तुटल्या धाग्यावर माग चालीवतीस? कोष्ट्याची सून न्हवं तू? पुढचं सगळं कापड फुकट जाईल. तुटलेलं दिसलं की थांबायचं आणि गाठ मारायची. आवाजात न्हाई मारता येत गाठ."

शैला माग थांबवायच्या दांड्याकडे हात नेते, पण दांडा म्हणजे दाराची कडी आहे. कडी सरकते आणि दोघी दवाखान्यात बसलेल्या आहेत. बाकड्यांवर सगळी गल्ली आहे. प्रत्येकाच्या मांडीवर पांढऱ्या कापडाचा एकेक तुकडा, आणि प्रत्येकानं आपला तुकडा दोन्ही तळव्यांनी झाकून धरलाय. समोर टेबलामागे डॉक्टर आहेत. त्यांचा चेहरा नीट दिसत नाही, आवाज मात्र सभ्य आहे.

"मुलगा कुठलं औषध घेतो?"

"माझ्या पोराला कसलंच औषध न्हाई, सायेब. निरोगी हाय. उलट घरात मदत करतंय."

आक्का कोपर मारतात. "सांग की."

"काय सांगू?"

"औषधाचं नाव."

"आक्का, समदी गल्ली ऐकतीया. झाकली मूठ सव्वा लाखाची असती."

"आदी मुठीत काय हाय ते तरी बघ. सव्वा लाख हाय का पोरगं गुदमराय लागलंय?"

शैला मूठ उघडते. आत नाथाचा रुमाल आहे, चौकड्यांचा, ओला. त्याला वास येतोय. तिच्या घराचा वास. तिच्या पदराचा, भांड्यांचा, बोटांचा, पोटापाण्याचा. इतक्या वर्षांत तिच्या नाकाला तो वेगळा म्हणून कधी आलाच नव्हता. ज्याला ती आणि सगळं गाव दिवसभर औषध म्हणतं, "औषध संपलं", "औषध आण", "औषधाचं बूच नीट लाव", तोच हा शब्द, आणि त्यात औषधासारखं काही नाही. तिला बाटली आठवते. लोटलेलं दार आठवतं. "तू पड जरा" आठवतं. आमटीचा वास न येणारं नाक आठवतं.

"डागाचं औषध," ती म्हणते. आवाज स्वतःलाच मोठा वाटतो. "माझं पोरगं डागाचं औषध हुंगतंय, सायेब."

वाटतं, आता छप्पर कोसळणार. पण बाकड्यांवरची माणसं तिच्याकडे नुसती बघतात, आणि शेजारची एक बाई आपल्या कापडावरचा एक तळवा हळूच उचलते.

"मला कळाय पायजे हुतं, आक्का. नाकाखाली हुतं." शैलाला रडू फुटलंय. "आणि मी त्याचं कौतिक सांगत हिंडलो."

"माझंबी नाक उशिराच उगडलं की. सतीश बडीशेप खातोय, तर मला वाटलं पचनाला खातोय. मी दर आठवड्याला बडीशेप आणून देत हुतो!" आक्का हसतात. जिवंतपणी हसायच्या तशाच, पदर तोंडाला लावून. "आता कळलं न्हवं? मग वरडू नगंस. घाबरवू नगंस. पयली खिडकी उगड."

"ह्यांना कळलं तर पट्टा काडतील."

"मग मधी उबी ऱ्हा."

"तुमी चला संगं."

"मी कुठं येऊ आता? हात तुजं हाईत." आणि त्या शैलाच्या मांडीवर काहीतरी ठेवतात. लहान, गरम, तेलानं माखलेलं डोकं. टाळूवर अजून ठोका उडतोय. शैला त्यावर तळवा ठेवते. डोकं जड होतं, आणखी जड होतं, जावळाचे केस राठ होतात, कानशिलावर मिशीच्या वयाची लव येते. तिला मांडी हलवता येत नाही, हलवावीशीही वाटत नाही. "आक्का," ती म्हणते, "सतीशला पयल्यांदा तुमी काय म्हणालासा?"

आक्का काहीतरी सांगताहेत. ओठ हलताहेत.

आणि माग थांबतो.

शैला दचकून जागी होते. लाईट गेली आहे. गल्लीभर शांतता पसरली आहे, कुणाचं तरी पोर रडायला लागलंय, समोरची म्हातारी खोकते आहे. शैलाच्या मांडीवर, पदरावर, डाग आहे. हाताच्या तळव्याएवढा. मागाच्या काळ्या तेलाचा नाही. स्वच्छ, पिवळसर. ती पदर नाकाशी नेते. जास्वंद, मेथी, कापूर. आक्का गेल्यापासून या घरात तसलं तेल कुणी उकळलेलं नाही.

सवयीनं हात औषधाच्या बाटलीकडे जातो. बाटली जागेवर नाही.

ती उठते. हाक मारत नाही. दार हळू ढकलते. नाथा भिंतीला टेकून बसलाय, रुमाल हातात, तागे पडले तसेच पडलेत, एकही डाग निघालेला नाही. तो तिच्याकडे बघतो, पण नजर पोचायला वेळ लागतो. ती त्याला ओलांडून जाते आणि खिडकी उघडते. मग बाटलीला बूच लावते आणि बाटली उचलून बाहेर परसात ठेवून येते.

लाईट गेल्यामुळे सुभाषही शेडमधून आलाय. दुरुस्तीला काढलेला पट्टा त्याच्या खांद्यावर आहे. त्याला परसात ठेवलेली बाटली दिसते, रुमाल दिसतो, पोराचे डोळे दिसतात. माणूस काही खुळा नाही. हात पट्ट्याकडे जातो.

शैला मध्ये उभी राहते.

"आदी मला," ती म्हणते.

सुभाषचा हात तिथंच राहतो. हे शब्द त्यानं याआधी एकदा ऐकलेत, याच घराण्यात, वहिनीच्या तोंडून. त्या दिवशी तो थोरल्या भावाच्या मागे उभा होता. थोड्या वेळानं तो पट्टा खुंटीला अडकवतो आणि उंबऱ्यावर मटकन बसतो, चेहरा दोन्ही हातांत धरून.

"आजच डॉक्टरांकडं जायाचं," शैला म्हणते. "तिघांनी." माग थांबलेत, त्यामुळे एवढंसं बोललेलंही चार घरांना ऐकू जातं. शैलाला ते कळतं. ती आवाज खाली आणत नाही.

मग ती जमिनीवर बसते, भिंतीला पाठ लावून. खिडकीतून वारा येतोय. नाथा सरकत सरकत येतो आणि आडवा होतो. तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, अगदी त्या डागावर. लहानपणानंतर पहिल्यांदाच. शैला टाळूवर हात ठेवते. काही विचारत नाही.

"आई, मला नाही गं जमत सोडायला," तो म्हणतो. "दोनदा ठरवलं होतं."

"हूं."

त्याचा श्वास सावकाश चालायला लागतो. मग एकदम मान वर करतो आणि खोलीत कुणाला तरी शोधल्यासारखा बघतो.

"आई, आक्काच्या तेलाचा वास येतोय गं."