लाईन गेली

मी पुण्याला निघाले तेव्हा नांदुऱ्याच्या स्टेशनवर सोडायला बाबाच आले होते. आम्ही अमडापूरचे. नर्सिंग नुकतंच संपलेलं, पुण्यातल्या एका दवाखान्यात नोकरी लागलेली. गाडी हलताना ते एवढंच बोलले, "लाईनीत राह्यजो, बाई." वाकडं पाऊल टाकू नको, असा त्याचा अर्थ.

पहिल्याच आठवड्यात सीनियर सिस्टर म्हणाल्या, सात नंबरची लाईन गेली, बघ. मी वर पंख्याकडे पाहिलं. तो तर फिरत होता. आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. इथे सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी. जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट सगळ्यांना कळली, सोबत माझं 'मले', 'तुले'ही. मी बोलणंच कमी केलं. वर्षभरात 'मला' इतकं सफाईदार झालं की कुणी गाव विचारेना. आधी त्याचं बरं वाटलं.

या उन्हाळ्यात बाबांना ऊन लागलं, चिखलीला भरती केलं. दुपारी आईचा फोन आला, "लाईन गेली वं." मी घाईघाईनं सांगत सुटले, हात हलवू देऊ नको, सलाईन बंद करायला लाव, सिस्टरला बोलव. आई हळूच म्हणाली, "अवं, पंखा बंद पडला. तू काय बोलून राह्यली?"

त्याच संध्याकाळी मी बस धरली.

बाबा तीन दिवसांत घरी आले. ताटात जवसाची चटणी होती. पुण्यात आमच्या वॉर्डात भरती असलेल्या इंग्रजीच्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितलेलं मी बाबांना सांगितलं: जवसाच्या खोडातून सूत निघतं, लॅटिनमध्ये जवसावरूनच त्या दोऱ्याला नाव पडलं, आणि तेच फिरत फिरत इंग्रजीत लाईन झालं. बाबांनी चटणीवर तेल घेतलं. "म्हंजे शब्द आपल्याच वावरातला," ते म्हणाले. मग, चिखलीच्या दवाखान्यात सिस्टर कमी आहेत, हेही सहज बोलल्यासारखं बोलले. मी ताटातून मान वर केली नाही. पुढचे दोन दिवस घरात नुसती फिरत होते. भांडी लावायची, पुन्हा काढायची, मध्येच मोबाईलवर ड्यूटीचा ग्रुप बघायचा.

निघताना आई स्टँडवर आली. खिडकीतून मी म्हटलं, "घरी पोचले की फोन करते."

तिचा हात गजावर होता. "अन् हे काय हाय मंग?"

बस निघाली. पुण्याला उतरले, खोली उघडली, पण फोन दुसऱ्या दिवशी केला. "पोचली," एवढंच म्हटलं. कुठं, ते नाही.