विलायती पाव आणि तांबडा माठ

माघातली थंडी कांदिवलीला फार दिवस टिकत नाही. सकाळी खाडीकडून वारा आला तेवढीच. त्या वाऱ्यात ओट्याशी उभी राहून सुगंधा तांबड्या माठाची जुडी निवडत होती आणि श्यामकांतसाहेब विलायती पावाच्या डब्यावरचा कागद मोठ्याने वाचत होते.

"लोह इतकं, प्रथिनं इतकी! मृणालिनी, जुडीवर असं काही छापलेलं असतं का?"

"नाही बाई," बाईसाहेब म्हणाल्या. म्हणजे भाजीत काही नसतंच, असं त्या घरात ठरलं.

त्यांच्या सात वर्षांच्या क्षमाला गहू सोसत नव्हता. पोळी, बिस्किटं सगळं बंद. पोर काडीसारखी झालेली. होळीपर्यंत किलोभर वजन वाढलं नाही तर इस्पितळात ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून साहेबांनी लंडनच्या भावाकडून बिनगव्हाचा पाव मागवला. तो पत्र्याच्या डब्यातून आला आणि चवीलाही पत्राच लागला.

"तांदळाची भाकरी द्या तिका," सुगंधाने सुचवलं होतं. "ती पण बिनगव्हाचीच."

"करून पाहिली," साहेब म्हणाले. "मी स्वतः दळण आणलं होतं. दोन दिवस पोट बिघडलं. भाकरी सोसत नाही तिला."

भात सोसतो नि भाकरी सोसत नाही? गिरणीच्या संपात नवऱ्याची, धाकूची, नोकरी गेल्यापासून सुगंधा लोकांचे स्वयंपाक करत होती, पण असं पोट तिने पाहिलं नव्हतं. उत्तर सापडलं पिठाच्या चक्कीवर. पुढच्या बाईचे गहू उतरले आणि चक्कीवाल्या कुंडलिकने त्यावरच लगेच सुगंधाचे तांदूळ ओतायला घेतले.

"थांब रे मेल्या! गव्हार तांदूळ घालतंस?"

"मूठभर गहू लागला तर काय विष आहे, मावशी?"

"एका पोरीक विषच तां!"

त्या दिवसापासून सुगंधा शेजारणीच्या जात्यावर तांदूळ दळू लागली. तळहाताला फोड आले. दुपारी साहेब-बाईसाहेब कचेरीत. ती क्षमाजवळ बसून आपला डबा उघडी. दोन भाकऱ्या, लसूण-खोबरं घातलेला माठ.

"मला दे ना गं, मावशी!"

"खा गो बाय. पण वजन घटला तर माझी वाट लागली, समजलंस?"

खरंच, घटलं असतं तर खापर तिच्या डब्यावर फुटलं असतं नि पाव निर्दोष सुटला असता.

होळीच्या आदल्या दिवशी साहेब दवाखान्यातून नाचतच आले. सव्वा किलो!

"पावाचा गुण! आणखी बारा डबे मागवतो."

क्षमाने भोकाड पसरलं. "नको ना, बाबा! पाव मी कावळ्यांना घालते. मी मावशीच्या डब्यातलं खाते!"

सुगंधाच्या हातातली पळी थांबली. मग तिने चक्कीची सगळी हकिगत सांगून टाकली. साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

"या भाजीत लोह किती, सुगंधाबाई?"

"माका काय म्हायत? वजन वाढला ना?"

"आणि एका भाकरीचं वजन?"

"साहेब, आता तुम्ही पीठ मोजूक बसू नका. पोरीक भूक लागली हा."

बाईसाहेब तोंडाला पदर लावून हसल्या नि सुगंधाला म्हणाल्या, "उद्यापासून तिची भाकरी तुम्हीच करा." उरलेला डबा वाया कशाला म्हणून साहेबांनी चहात पाव बुडवला आणि चेहरा सरळ ठेवला.

नळ अकराला जाई. पिंप अजून अर्धंच होतं. सुगंधाने पदर खोचला आणि बादली नळाखाली सरकवली.